एक दिवसाची पिल्लं घरी वाढवायची आहेत, पहिलीच वेळ – उबेपासून लसीपर्यंत सगळं सांगा

रानमोगरा | ४ जानेवारी, रात्री
नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यात पुण्याचा फ्लॅट सोडून आम्ही वाईजवळ सासरच्या घरी राहायला आलो. मागे परस आहे, परसात जुनं दगडी खुराडं आहे आणि खुराड्यात सध्या रंगाचे रिकामे डबे. सासूबाई होत्या तोवर इथे कोंबड्या असायच्या. पुन्हा पाळायच्या असं आता ठरवलंय. ओळखीचे एक काका हॅचरीतून गिरिराज जातीची शंभर पिल्लं मागवतायत, त्यातली १२ मला देणार आहेत. पुढच्या आठवड्यात येतील, एक दिवसाची.

मी कोंबडीचं पिल्लू कधी हातात धरलेलं नाही. म्हणजे कालपर्यंत नव्हतं. काल लेक (वय ७) आजोबांबरोबर बाजारात गेली आणि दोन रंगवलेली पिल्लं घेऊन आली, एक गुलाबी, एक पोपटी. ती आत्ता बुटांच्या खोक्यात, स्वयंपाकघरात ओट्याखाली आहेत आणि संध्याकाळपासून एकसारखी ओरडतायत.

प्रश्न पुष्कळ. बल्ब किती वॅटचा? खायला काय? सासरे म्हणतात कणी टाक, आम्ही तेवढ्यावरच वाढवल्या. घरच्या बारा पिल्लांनाही लस लागते का? आणि मुख्य म्हणजे ही दोन आत्ता गप्प कशी होतील?

खुराडेवाला
शेवटचा प्रश्न आधी घेतो. गारठलीत ती. पोट भरलेलं आणि ऊब मिळालेलं पिल्लू बारीक चिवचिवतं, असं आकांत करत नाही. घरात आत्ता बल्ब नसेल तर बाटलीत गरम पाणी भरा, जुन्या बनियनमध्ये गुंडाळा आणि खोक्याच्या एका बाजूला आडवी ठेवा. दुसरी बाजू मोकळी राहू द्या, नको झालं तर पिल्लाला लांब सरकता आलं पाहिजे. वरून टॉवेल टाका, पण अर्धाच. पाणी कोमट झालं की बदला. आणि खोका स्वयंपाकघरातून बाहेर काढा. का ते उद्या लिहितो.

रानमोगरा
केलं. दहा मिनिटांत गप्प! दोन्ही बाटलीला चिकटून झोपलीत. लेक पण झोपली, हे त्याहून मोठं.

दगडफूल
ती रंगीत पिल्लं जगतील याची फार आशा धरू नका, असं लेकीला आत्ताच हळूच सांगून ठेवा. अंडी देणाऱ्या जातीच्या हॅचरीत नर पिल्लाचा उपयोग शून्य. अंडी देत नाही, मांसही भराभर चढत नाही. तीच गोळा करून, रंगाच्या पाण्यात बुचकळून बाजारात दहा-वीस रुपयांना विकतात. दिवसभर उन्हात नाहीतर वाऱ्यावर, ना ऊब ना पाणी, घरी येईपर्यंत निम्मा जीव गेलेला असतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध १९६० पासून कायदा आहे, पण बाजारात तो कुणाला दिसत नाही. आपण विकत घेतो म्हणून ते विकतात, एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो.

तात्या
दगडफूल आणि गप्प? धागा वर ठेवा रे, ऐतिहासिक आहे.

खुराडेवाला | ५ जानेवारी
आता सविस्तर.

अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगावर लव असते, पिसं नसतात. पिसं भरायला चार-पाच आठवडे लागतात आणि तोवर त्याला स्वतःचं अंग गरम राखता येत नाही. कोंबडीच्या पोटाखाली मिळते ती ऊब आपण द्यायची. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश उतरवत न्यायचं. पाचव्या आठवड्यापर्यंत दिवसाचा बल्ब सुटतो. जानेवारीतल्या वाईत रात्रीचा लगेच सुटणार नाही.

बल्ब जुना, पिवळा, तारेचा. एलईडीचा उपयोग नाही, उजेड पडतो पण ऊब नाही. दुकानदार एलईडीच पुढे करतील, हट्टाने तारेचा मागा. बारा पिल्लांना ६० वॅटचा एक पुरतो, पण मी ४०-४० चे दोन लावायला सांगेन. मध्यरात्री एक उडाला तरी दुसरा असतो. जमिनीपासून एक ते दीड फूट उंच. आणि नुसत्या वायरवर लोंबकळत ठेवू नका. वेगळ्या साखळीने किंवा जाड तारेने बांधा. बल्ब तुसावर पडला की तूस पेटतं, अशा शेडच्या शेड जळाल्यात.

चौकोनी खोका नको. जाड पुठ्ठ्याची नाहीतर पत्र्याची दीड फूट उंच पट्टी गोल उभी करा, तीन-चार फूट रुंद रिंगण झालं की झालं. कोपरा मिळाला की घाबरलेली पिल्लं त्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. खाली भाताचं तूस दोन इंच. पहिले दोन दिवस ती तूसच खात बसतात, म्हणून त्यावर खरखरीत पुठ्ठा पसरा आणि त्याच्यावरच खाद्य टाका. नुसतं गुळगुळीत वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून फाकतात आणि फाकलेले पाय लवकर सरळ होत नाहीत.

थर्मामीटर असला तर लावा, पण बघायचं पिल्लांकडे. बल्बखाली गठ्ठा करून ओरडतायत तर ऊब कमी, बल्ब खाली घ्या. कडेला चिकटून, चोची उघड्या, पंख सैल सोडलेले, तर जास्त झाली. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा शिरतोय, ती फट शोधा. रिंगणभर पसरून खातायत, झोपतायत, तर हात लावू नका.

स्वयंपाकघर का नको? निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. मुलीला हाताळू द्या, पण नंतर साबणाने हात धुवायचे. गालाला लावायचं नाही, पापी घ्यायची नाही.

केळफूल
एवढं सगळं करण्यापेक्षा शेजारीपाजारी एखादी खुडूक बसलेली गावठी कोंबडी मिळते का बघ गो. आमच्या देवगडकडे अजून घरोघरी तेच करतात. बरेच दिवस अंड्यांवर बसलेली असेल तर अंधार पडल्यावर एकेक पिल्लू तिच्या पोटाखाली सारायचं आणि अंडी हळूच काढून घ्यायची. सकाळी तिला वाटतं आपलीच. रंगबिंग ती बघत नाही. फक्त पिल्लं दोन-तीन दिवसांच्या आतली हवीत. मोठी झालेली तीही स्वीकारत नाही, आणि पिल्लंही तिच्याकडे जात नाहीत. सकाळी तासभर समोर बसून लक्ष ठेव. एखादी डोक्यावर टोचा मारते, तर लगेच काढून घे. एकदा घेतली की मग बल्ब नको, वीज नको. घार आली की ती हाक देते आणि सगळी पंखाखाली. आपण दुपारी डालग्याखाली झाकलं की काम झालं.

खुराडेवाला
मावशी, पद्धत एक नंबर. पण हॅचरीची तारीख आणि कोंबडीचं खुडूक बसणं एका आठवड्यात जुळायला नशीब लागतं. आणि एका कोंबडीखाली थंडीत दहा-बारा पिल्लं म्हणजे काठावरचा हिशेब.

मिनेसोटाकर
इथे अमेरिकेत तर एक दिवसाची पिल्लं टपालाने येतात! १९१८ पासून टपालखातं ती नेतंय. पोस्टातून सकाळी सहाला फोन, "तुमचा खोका ओरडतोय, घेऊन जा." अंड्यातून निघण्याआधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं, त्यावर दोन-तीन दिवस अन्नपाण्याविना निघतात, म्हणून हे जमतं. बल्बच्या आगीच्या भीतीने आम्ही हीट प्लेट वापरतो, चार पायांची गरम पाटी, पिल्लं तिच्या खाली जाऊन बसतात. भारतातही ऑनलाइन मिळत असावी.

खुराडेवाला
बलकाचं खरं आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका ताई. पिल्लं दारात आली की पहिलं काम पाणी. प्रत्येकाची चोच एकदा अलगद बुडवायची, मग शिकतात. पाणी कोमट, पहिले काही तास त्यात थोडा गूळ, संध्याकाळी साधं पाणी. गुळाचं पाणी दिवसभर ठेवलं तर चिकट होतं, मुंग्या येतात. भांडं उथळ आणि त्यात गारगोट्या टाका, नाहीतर इंचभर पाण्यातही पिल्लू बुडतं. पाणी पिऊन तासभर झाला की खाद्य.

रानमोगरा
खाद्यावरून घरात वाद सुरू आहे. सासरे अजून कणीवर ठाम.

खुराडेवाला
सासऱ्यांचंही बरोबर आहे, पण त्यांची पिल्लं आईमागे परसात फिरायची. कणी हा वरखर्च होता. खरं जेवण उकिरड्यावरचे किडे, वाळवी, शेणातल्या अळ्या, कोवळं गवत. तुमची पिल्लं महिनाभर पुठ्ठ्याच्या रिंगणात राहणार, त्यांना किडा कुठून मिळणार? वाढत्या पिल्लाला २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, तांदळाच्या कणीत ती ७-८ टक्के. नुसत्या कणीवर पोट भरेल, पण पिसं येणार नाहीत, पाय लुळे पडतील.

चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य घ्या, आठ आठवडे तेच. पहिल्या दिवशी हवा तर मक्याचा बारीक भरडा. एक पिल्लू आठ आठवड्यांत दीड-दोन किलो खातं, म्हणजे तुमचं सगळं काम तीस किलोच्या आत. ५० किलोचं पोतं स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. ते सरेपर्यंत ओल धरतं, बुरशी येते, आणि बुरशीचं विष पिल्लांना मारतं. सुटं घ्या, वास घेऊन घ्या. कुबट आलं की परत.

आणि दुकानदार 'सगळं एकच' म्हणून लेअरचं, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं खाद्य देईल, ते घेऊ नका. त्यात अंड्याच्या कवचासाठी चुना भरपूर असतो, पिल्लांची मूत्रपिंडं त्याने खराब होतात.

घरचं खारट, तिखट, उरलेली आमटी, फरसाण यातलं काही नाही. जास्त मिठाने पिल्लू मरतं.

केळफूल
वाळवी घरी धरता येते. वारुळाजवळची माती थोडी उकरायची, फुटक्या मडक्यात ओलं शेण, गोणपाटाचा तुकडा, वाळकं गवत कोंबायचं आणि मडकं तिथे पालथं घालायचं. दुसऱ्या सकाळी आत पांढरी वाळवी भरलेली. पिल्लांपुढे झाडलं की बघ कशी तुटून पडतात ती. पण दोन आठवड्यांची झाल्यावर, आणि थोडीच.

पशुमित्र
नमस्कार ताई. मी पशुसंवर्धन खात्यात होतो, आता निवृत्त. लसीचं लिहितो, कारण घरगुती पिल्लं थंडीनंतर सर्वांत जास्त जातात ती राणीखेत रोगाने, आपल्याकडे मानमोडी म्हणतात तो. त्यावर औषध नाही. मान वाकडी होते, हिरवट पातळ हगवण, श्वासाला घरघर आणि आठवड्यात अख्ख्या आळीतली खुराडी रिकामी.

मरेक्स हा कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग, त्याची पहिल्या दिवशीची लस हॅचरीतच टोचतात. टोचली का, हे तुमच्या काकांना विचारायला सांगा. मग ५ ते ७ व्या दिवशी लासोटा, म्हणजे राणीखेतचीच थेंबाची लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. १४ व्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या पिल्लांच्या रोगाची लस. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, तेव्हा पाण्यातून चालतो. सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस आणि आठव्या आठवड्यात राणीखेतची टोचायची लस, तिला आर-टू-बी म्हणतात. या दोन्हींत आठवडाभराचं अंतर ठेवा.

घरगुती पाळणाऱ्याची अडचण वेगळीच असते. लसीची लहानात लहान बाटली बहुधा १०० मात्रांची. एकदा द्रावण मिसळलं की दोन तासांत संपवावी लागते, उद्यासाठी ठेवता येत नाही. पण तुमचं गणित आपोआप जुळतंय. काकांची ८८ आणि तुमची १२. एकाच दिवशी, एकाच बाटलीत उरका. बाटली बर्फ घातलेल्या थर्मासमधून न्या, २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, उन्हात गाडीच्या डिकीत राहिली तर ते नुसतं पाणी. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी द्या. मलूल पिल्लाला त्या दिवशी देऊ नका.

पाण्यातून देताना नळाचं क्लोरीनचं पाणी नको, विहिरीचं चांगलं. लिटरला ५ ग्रॅम दूध पावडर मिसळा म्हणजे लसीतला विषाणू टिकतो. आधी तासभर पाणी बंद ठेवा, म्हणजे सगळी पितात.

आणि एक महत्त्वाचं. बाजारातली दोन पिल्लं नव्या बारांत सोडू नका. कुठून आली, काय घेऊन आली, माहीत नाही. तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. आधी नव्यांचं सगळं करा, मग या दोघांचं, आणि मग हात धुवा. उलट क्रमाने नाही.

दगडफूल
बर्ड फ्लूचं काय? आमच्या सोसायटीत कबूतर मेलं तरी ग्रुपवर तीनशे मेसेज येतात.

पशुमित्र
भीती अस्थानी नाही. भारतात तो पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. पण मानमोडी की बर्ड फ्लू हे नुसत्या डोळ्यांनी कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. त्याचे नमुने पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागामार्फत भोपाळच्या प्रयोगशाळेपर्यंत जातात. तुम्ही एवढंच करा. एक-दोन दिवसांत अनेक पक्षी पटापट मेले तर उघड्या हाताने उचलू नका, ओढ्यात टाकू नका, शेजाऱ्याला वाटू नका, विकू तर मुळीच नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. एखादं पिल्लू दगावलं तर घाबरायचं कारण नाही, शंभरात दोन-चार जातातच.

रानमोगरा | १३ जानेवारी
आली बारा! तपकिरी, काळी, राखाडी, पट्ट्यापट्ट्यांची, सगळी वेगवेगळी. मी समजत होते पिवळी असतात. काकांना विचारलं, मरेक्स टोचलंय. रिंगण हॉलमध्ये, दोन बल्ब. गुलाबी आणि पोपटी वरच्या माळ्यावर, त्यांना वेगळा ४० चा. वीजबिलाबद्दल नवरा बोलायला लागला, त्याला हा धागा वाचायला दिला.

एक अडचण. दोघातिघांच्या मागे विष्ठा चिकटून वाळलीय, दगडासारखी घट्ट. ओढून काढू का?

खुराडेवाला
ओढू नका!! कातडी सोलून येते. कोमट पाण्यात कापूस भिजवून धरा, मऊ झालं की पुसून निघेल. मग लगेच कोरडं करा, बल्बखाली सोडा, खोबरेल तेलाचं बोट लावा. नाही काढलं तर वाट बंद होऊन पिल्लू दोन दिवसांत जातं. पोटाच्या बाजूला खपलीसारखा ठिपका दिसेल, ती बेंबी आहे, तिला हात लावायचा नाही. प्रवासाच्या ताणाने किंवा ऊब कमी-जास्त झाल्याने असं होतं, रिंगणातली ऊब एकदा तपासा.

रानमोगरा | १६ जानेवारी
झालं, सगळी स्वच्छ. पण काल रात्री वीज गेली, पहाटेपर्यंत नव्हती. बाटल्या बदलत बसलो आम्ही. सासरे म्हणाले आमच्या वेळी कोळशाची शेगडी ठेवायचे.

खुराडेवाला
बंद खोलीत शेगडी अजिबात नको. धुराने पिल्लंही जातील आणि माणसंही. बाटल्या, वर पुठ्ठ्याचं अर्धं झाकण आणि रिंगण छोटं करणं, एवढ्यावर रात्र निघते. पिल्लं बारा असतील तर ती एकमेकांनाही ऊब देतात. माळ्यावरच्या दोघांना मात्र बाटली मोठी द्या, त्यांना गर्दीची ऊब नाही.

तात्या
इन्व्हर्टरवर ४० वॅटचा एक बल्ब आरामात चालतो हो. नवऱ्याचं वायफाय एक रात्र बंद.

रानमोगरा | २६ जानेवारी
लासोटा झाला, काकांच्या पिल्लांबरोबरच. आज मात्र घाबरलेय. दोन ठिकाणी चॉकलेटी, चिकट, भयंकर वासाची विष्ठा दिसली. रक्ती हगवण का हो?

पशुमित्र
चॉकलेटी, फेसाळ, चिकट, घाण वासाची, आणि पिल्लू मात्र खाऊनपिऊन टणटणीत, तर ती नेहमीची आहे. आतड्याला दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्या दिवसातून काही वेळा रिकाम्या होतात. नवीन पाळणारा प्रत्येक जण यावरून एकदा तरी फोन करतो.

रक्ती हगवण ओळखायची ती अशी. विष्ठेत उघड लाल रक्त, पिल्लू पिसं फुगवून डोळे मिटून एका जागी उभं, खाणं बंद. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येते आणि जवळजवळ नेहमी ओल्या तुसातून. तसं दिसलं तर दवाखान्यातून ॲम्प्रोलियम मिळतं, सांगितल्या प्रमाणात पाण्यातून साधारण पाच दिवस द्यायचं. पण ओल राहिली तर औषध संपताच पुन्हा येते. ओलं तूस त्याच दिवशी काढून टाका, उरलेलं रोज हाताने उलटंपालटं करा. पाण्याचं भांडं पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर येईल असं विटेवर ठेवा, पिल्लं वाढली की वीटही वाढवायची. निम्मी ओल तिथूनच होते.

केळफूल
आमच्याकडे पावसात पिल्लं काढतच नाहीत ती त्याचसाठी. थंडी एक वेळ परवडली. आजी म्हणायची, पिल्लू भिजलं की गेलं.

दगडफूल
हळद, लसूण वगैरे पाण्यातून देतात ना? यूट्यूबवर सगळ्या रोगांवर तेच आहे.

पशुमित्र
द्या, चिमूटभराने बिघडत नाही. पण लस चुकवून लसूण देणारे मी पुष्कळ पाहिले आणि त्यांची खुराडीही पाहिली. लसीच्या दिवशी मात्र पाण्यात यातलं काहीही नको.

रानमोगरा | १० फेब्रुवारी
मंडळी, एक गूढ. बारांतलं एक पिल्लू पहिल्या आठवड्यातच गेलं, ते जन्मतःच बारीक होतं. बाकी अकरा मस्त, पंखांना पिसं आलीत, रिंगणावरून उड्या मारतात. माळ्यावरची दोन्हीही जगली! रंग उडाला, दोघांनाही पांढरी पिसं. पण गुलाबी (आता 'गुलाब') बाकीच्यांएवढंच आहे आणि पोपटी (आता 'पोपट') त्याच्या दुप्पट. पाय जाड, छाती रुंद, चार पावलं चालतं आणि बसतं. सारखं खातं. आजारी आहे का?

खुराडेवाला
आजारी नाही, ब्रॉयलर आहे. मांसाच्या हॅचरीतली उरलेली पिल्लंही हे लोक रंगवून विकतात. गुलाब लेअर जातीचा नर असणार. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोपर्यंत जातो, त्याची जातच तशी घडवलीय. हाडं आणि हृदय त्या वेगाला पुरत नाहीत. पुढे पाय जातात, नाहीतर चालता चालता पडतो.

तात्या
सहा आठवडे भरायला किती दिवस उरलेत? सहज विचारतोय. आमच्याकडे कोल्हापुरी मसाला आहे.

रानमोगरा
तात्या, लेक हा धागा वाचायला शिकेल तेव्हा तुमचं नाव सांगेन तिला. सासऱ्यांच्या मनात तेच आहे, पण नातीसमोर तोंड उघडत नाहीत. आम्ही मांसाहारी आहोत, गिरिराजचे नर पुढेमागे ताटात येणार हे लेकीलाही माहीत आहे. पोपटचं मात्र जमणार नाही. त्याला जगवायचं तर काय करू?

खुराडेवाला
मग खाद्य मोजून. दिवसभर ताट समोर नको, सकाळ-संध्याकाळ दोनदाच, आणि स्टार्टरऐवजी ग्रोअर खाद्य, त्यात प्रथिनं कमी. सोबत चिरलेला पाला, मेथीचे देठ, कोथिंबिरीच्या काड्या. खाद्य एका टोकाला आणि पाणी दुसऱ्या टोकाला ठेवा, म्हणजे चालावं लागेल. उंच काठीवर चढू देऊ नका, उतरताना पाय मोडतो. उन्हाळ्यात सांभाळा, वाईचा मे महिना त्याला जड जाईल. बरेच दिवस जगतात असे ठेवले तर, पण लांबचं आश्वासन लेकीला देऊ नका.

वेगळं ठेवण्याची मुदत संपली, आता बाकीच्यांबरोबर सोडू शकता. एकदम नको. मध्ये जाळी लावून चार-पाच दिवस एकमेकांना बघू द्या, मग संध्याकाळी सोडा.

मिनेसोटाकर
आमच्या शेजारणीने असा एक पाळला होता, ती त्याला रोज अंगणात 'वॉक'ला न्यायची. कुत्र्याचा पट्टा लावून. फोटो टाकला तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

रानमोगरा | ८ मार्च
सगळी दिवसा परसात. खुराड्याची डागडुजी सुरू आहे. षटकोनी भोकांची जाळी आणली होती, ती लावू ना?

खुराडेवाला
ती कोंबडी आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. उंदीर तर इंचभर भोकातून सहज जातो आणि झोपलेल्या पिल्लाचे पाय कुरतडतो. खालचे दोन फूट तरी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. जाळीचा खालचा काठ फूटभर जमिनीत गाडा किंवा फरशी टाका, घूस खालून उकरून येते. दगडी भिंतीच्या सांदी सिमेंटने बुजवा, जुन्या खुराड्यात साप तिथूनच येतात. आणि अंधार पडायच्या आत दार बंद, हे काम रोज एकाच माणसाकडे द्या. दोघांकडे दिलं की एक दिवस राहून जातं.

रानमोगरा
आता शेवटचा प्रश्न (खरंच). अकरांतल्या पाचांचे तुरे लाल व्हायला लागलेत, म्हणजे पाच कोंबडे ना? सगळे ठेवू का? आणि पुढच्या वर्षी यांच्याच अंड्यांतून पिल्लं काढता येतील का?

पशुमित्र
पाच कोंबडे आणि सहा तलंगा (तरण्या माद्या), अंदाज बरोबर असावा. सरसकट पिल्लं घेतली की निम्मे नर येतातच. आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा पुरतो, जास्त ठेवलेत तर माद्यांच्या पाठीची पिसं उपटून निघतात. नुसती खायची अंडी हवी असतील तर एकही नाही ठेवला तरी चालतो.

पिल्लं काढण्याचं म्हणाल, तर गिरिराज ही बेंगळुरूला विद्यापीठात तयार झालेली संकरित जात आहे. तिच्या अंड्यांतून पिल्लं निघतात, पण आईबापांसारखी वाढ आणि अंडी पुढच्या पिढीत मिळत नाहीत. शिवाय या कोंबड्या फारशा खुडूक बसत नाहीत, अंडी उबवायला दुसरीच कोंबडी शोधावी लागेल.

केळफूल
म्हणूनच म्हणते, या सहांबरोबर एक-दोन गावठी तलंगा आण. वर्षाला साठ-सत्तरच अंडी देईल, पण वैशाखात खुडूक बसली की तिच्याखाली कुठलीही अंडी ठेव, एकविसाव्या दिवशी पिल्लं. डझनाच्या वर अंडी ठेवू नको, कडेची गार पडतात. सातव्या-आठव्या दिवशी रात्री बॅटरीवर धरून बघ. आत लाल शिरा दिसल्या तर ठेव, नितळ दिसलं तर काढून टाक.

रानमोगरा
मावशी, शेजारच्या आळीत एकीकडे गावठी आहेत, उद्याच विचारते. पण त्यांना मानमोडीची लस कधी दिली होती हे त्यांना माहीत नसणार. आणताना त्याही वेगळ्या ठेवायच्या ना?

पशुमित्र
हो, तीन आठवडे. आणि तुमच्या पिल्लांना आर-टू-बी टोचून दोन आठवडे झाल्याशिवाय आणूच नका. काकांना विचारून त्यांच्या ८८ बरोबर तारीख ठरवा.